जुन्या मिनी ट्रॅक्टरचा हब आणि एक्सल: कामचलाऊ दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणत्या ट्रॅक्टरसाठी आहे?

द्राक्ष, डाळिंब आणि उसाच्या पट्ट्यात चालणाऱ्या १५ ते २५ एचपीच्या जुन्या बागायती ट्रॅक्टरसाठी. मुख्यतः टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढचं चाक स्टब एक्सलवर दोन टेपर रोलर बेअरिंगवर मोकळं फिरतं, असे ट्रॅक्टर. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकामागे गिअर असतात आणि तिथे ग्रीसऐवजी गिअर ऑइल असतं. त्या हबला खाली दिलेली ग्रीस आणि नटाची पद्धत लावू नका. बेअरिंगचं फिटिंग, तडे, वेल्डिंग आणि नटबोल्ट यांबद्दलची माहिती मात्र दोन्हींना सारखीच लागू आहे.

पॉवर टिलर, ब्लोअरची गाडी आणि पेरणी यंत्राची चाकं यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

कामचलाऊ दुरुस्ती कुठे चालते आणि कुठे अजिबात चालत नाही?

एक प्रश्न स्वतःला विचारा: ही दुरुस्ती सुटली तर काय होईल? बेअरिंग पुन्हा ढिलं होणार असेल, सील गळणार असेल किंवा ग्रीस लवकर संपणार असेल, तर कामचलाऊ दुरुस्तीने हंगाम काढता येतो. चाक निखळणार असेल किंवा स्टिअरिंग हातातून जाणार असेल, तर तिथे जुगाड करायचा नाही.

म्हणून तुटलेला किंवा तडा गेलेला स्टब एक्सल, स्टिअरिंग आर्म, टाय रॉडची टोकं आणि बेअरिंगच्या बोअरमधून (बेअरिंग बसतं त्या भोकातून) तडा गेलेला हब, हे चारही भाग बदलायचेच. वेल्डिंग करणारा कितीही हुशार असला तरी बदलायचे. बहुतेक जुन्या मॉडेलचा स्टब एक्सल सेकंडहँड पार्टच्या बाजारात मिळतो. पुढचं एक चाक गेलं तर ट्रॅक्टर उलटू शकतो, आणि बागेत चालकाच्या शेजारीच माणसं काम करत असतात.

पुढचं चाक डुगडुगतं. बेअरिंग गेलं की किंगपिन?

चाक जमिनीपासून थोडं उचला. एक हात टायरच्या वर, एक खाली धरून आत-बाहेर हलवा आणि दुसऱ्या माणसाला हबच्या मागच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. हब आणि स्टब एक्सलची पाठ यांच्यामध्ये हालचाल जाणवली तर दोष बेअरिंगचा. हब आणि स्टब एक्सल एकत्र हलत असतील आणि एक्सलचं बीम स्थिर असेल, तर किंगपिनचं (स्टब एक्सल ज्या पिनेवर वळतो तिचं) बुश झिजलं आहे. मग दोन्ही हात डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. फक्त याच दिशेने ढिलाई दिसली तर टाय रॉडची (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याची) टोकं पाहा.

नंतर चाक हाताने फिरवा. खरखर आवाज आला किंवा एका ठिकाणी अडकल्यासारखं झालं तर बेअरिंग उघडायची वेळ झाली.

अर्धा तास काम झाल्यावर हबवर तळहात ठेवून पाहायची सवय लावा. हब कोमट लागला तर ठीक. पाच सेकंदही हात टेकवत नसेल तर तापमान साधारण ६० अंशांच्या वर गेलं आहे. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झालं तर ट्रॅक्टर जागेवरच थांबवा.

चाक काढताना ट्रॅक्टर कसा उचलावा?

पुढचा एक्सल मधल्या पिनेवर झुलतो. त्यामुळे एका बाजूला जॅक लावला की आधी एक्सल तिरपा होतो आणि मग बॉडी अचानक दुसऱ्या बाजूला कलते. जॅक लावण्याआधी एक्सल आणि चेसिसच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा, मागचं अवजार जमिनीवर टेकवा. चाक उचलल्यावर एक्सलखाली लोखंडी घोडी ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हबखाली हात घालायचा नाही, आणि विटा रचून त्यावर टेकवायचं तर मुळीच नाही. भारानं वीट एकदम फुटते.

काळ्या जमिनीत काम करताना जॅकखाली किमान एक फूट लांब-रुंद जाड फळी हवीच.

हब उघडल्यावर काय बघायचं?

लगेच रॉकेलमध्ये बुडवू नका. आधी ग्रीसकडे नीट पाहा, कारण बिघाडाचं कारण तिथेच दिसतं आणि धुतल्यावर ते निघून जातं.

दुधाळ, पांढरट ग्रीस म्हणजे पाणी शिरलं. द्राक्षबागेत हे फार होतं. रोज फवारणी आणि मग प्रेशरने ट्रॅक्टर धुणं, त्यात बोर्डो मिश्रणाचे थेंब. चंदेरी चमक असलेली ग्रीस म्हणजे रोलर किंवा केज (रोलरचा पिंजरा) झिजून लोखंड मिसळलं. काळी, वाळलेली, जळकट वासाची ग्रीस म्हणजे हब तापला: नट जास्त आवळलेला असतो किंवा ग्रीस चुकीची भरलेली असते.

मग धुऊन कप (बेअरिंगची बाहेरची कडी) आणि रोलर पाहा. निळसर किंवा तपकिरी रंग चढला असेल तर बेअरिंग गेलं, कारण पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला. रोलरच्या अंतराइतक्या अंतरावर गंजाचे पट्टे असतील तर पाणी शिरलेला ट्रॅक्टर बरेच दिवस उभा होता. तेवढ्याच अंतरावर खळगे असतील तर कोणीतरी बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलं किंवा चाक जोरात आदळलं. कपमध्ये रोलर चालल्याची रेघ एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद असेल, तर कप तिरका बसला आहे किंवा स्पिंडल (स्टब एक्सलचा, बेअरिंग बसतं तो दांडा) वाकला आहे. नवीन बेअरिंग टाकून यातलं काहीच सुधारत नाही. मूळ कारण तसंच राहिलं तर नवीनही त्याच वाटेने जाईल.

हबच्या पाठीमागेही नजर टाका. ठिबकच्या नळीचे तुकडे, सुतळी, मल्चिंग पेपर आणि मांडवाची बारीक तार तिथे गुंडाळली जाते आणि सीलची कड कापून टाकते. बागेतल्या ट्रॅक्टरचं सील जायचं हे पहिल्या नंबरचं कारण आहे. दर आठवड्याला हूक घालून हा कचरा ओढून काढला तरी सील कितीतरी जास्त टिकतं.

बेअरिंगचा नंबर पुसला गेला आहे. काय करू?

व्हर्निअरने तीन मापं घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि पूर्ण रुंदी. टेपर बेअरिंगची रुंदी कप आणि कोन (आतली, रोलर असलेली कडी) एकत्र ठेवून मोजायची. या आकाराच्या ट्रॅक्टरवर आणि गाड्यांवर नेहमी भेटणारी मापं अशी: ३०२०५ म्हणजे २५ × ५२ × १६.२५ मिमी, ३०२०६ म्हणजे ३० × ६२ × १७.२५ मिमी, ३०२०७ म्हणजे ३५ × ७२ × १८.२५ मिमी. ३२२०६ ला व्यास ३०२०६ चेच असतात, पण रुंदी २१.२५ मिमी. दुकानात हे दोन नंबर हमखास एकमेकांच्या जागी दिले जातात आणि मग नट स्प्लिट पिनेच्या भोकापर्यंत पोहोचतच नाही.

माप पूर्ण आकड्यात न येता १९.०५, २५.४ किंवा ३१.७५ असं आलं तर बेअरिंग इंची आहे. ते ‘जवळपासच्या’ मिलिमीटर बेअरिंगने बदलता येत नाही.

कप आणि कोन जोडीनेच बदला. जुना कप चांगला दिसला तरी त्यावर नवा कोन चालवू नका.

टेपरच्या जागी बॉल बेअरिंग टाकलं तर?

३०२०६ च्या जागी ६२०६ बसतं, कारण दोन्हींचे व्यास ३० आणि ६२ मिमी. रुंदी मात्र ६२०६ ची १६ मिमी असते, त्यामुळे १.२५ मिमीचा वॉशर लागतो. खरी अडचण पुढे येते. टेपर बेअरिंगची जोडी बाजूचा दाब पेलते, आणि बागेत ओळीच्या टोकाला प्रत्येक वळणावर असा दाब येतो. शिवाय टेपरमध्ये नट आवळून प्ले (थोडीशी मोकळीक) बसवतात. बॉल बेअरिंगमध्ये दोन आतल्या रिंगांच्या मध्ये नेमक्या लांबीची नळी नसेल तर नट आवळताच गोळ्या दाबल्या जातात.

नळी टाकून, रिकामा ट्रॅक्टर सावकाश घरी किंवा वर्कशॉपपर्यंत आणण्यापुरतं हे चालेल. ब्लोअर लावून फवारणी करू नका.

जुना कप हबमधून निघत नाही.

हबच्या आत कपमागे दोन खाचा असतील तर बोथट छिन्नीने आळीपाळीने समोरासमोर ठोका. खाचा नसतील तर कपच्या आतल्या पृष्ठभागावर गोलाकार वेल्डिंगचा एक पट्टा ओढा. थंड होताना वेल्ड आकसतं, कपही त्याबरोबर आकसतो आणि बहुतेक वेळा हाताने निघतो. हबच्या धातूला वेल्डिंगची कांडी लागू देऊ नका, आणि हे काम चाक-टायर वेगळं करूनच करा.

नवीन कप बसवताना तो रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि हब १०० अंशांपर्यंत गरम करा. ६२ मिमीचा कप साधारण ०.०३ मिमी आकसतो, हबचं बोअर साधारण ०.०५ मिमी पसरतं. एवढ्यावर कप हलक्या ठोक्यात बसतो. जुना कप बाहेरून थोडा ग्राइंड करून ठोकायचा ठोकळा म्हणून वापरा. कप टेकला की ‘टण’ असा भरीव आवाज येतो. तरी ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) मागे शिरतं का, ते चारी बाजूंनी पाहा.

कप हबमध्येच फिरतो. याला खात्रीचा उपाय कोणता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीची दुरुस्तीही इथेच होते.

पुढच्या हबमध्ये हब फिरतो आणि एक्सल स्थिर असतो. म्हणून बाहेरचा कप हबमध्ये घट्ट हवा, आणि आतला कोन स्पिंडलवर हाताने सरकेल असा. ६२ मिमीच्या कपसाठी बोअर ६१.९६ ते ६१.९८ मिमी असावं. ते ६२.०० च्या वर गेलं की कप हळूहळू सरकतो, सरकताना बोअर खातो, आणि मग दर आठवड्याला नट आवळायची वेळ येते.

*पंचाचे ठोके.* बोअरमध्ये सेंटर पंचाने ठिपके मारायचे, धातू उचलला जातो आणि कप घट्ट बसल्यासारखा वाटतो. टेकतो तो फक्त ठिपक्यांच्या टोकांवर. भार आला की टोकं चपटी होतात आणि कप पुन्हा फिरू लागतो, शिवाय तिरका बसण्याची शक्यता जास्त. दोन-चार दिवसांचं काम काढण्यापुरतंच.

*पत्र्याची शिम.* पितळी पत्रा गुंडाळून कप ठोकतात. सांध्यावर पत्रा दुमडतो, कप अंडाकृती होतो आणि तुकडे सुटून रोलरमध्ये जातात. हे करू नका.

*रिटेनिंग कंपाऊंड.* म्हणजे फटीत घट्ट होऊन कप धरून ठेवणारं द्रव. कामचलाऊ उपायांमध्ये आमची पहिली पसंती याला आहे. लॉकटाइट ६३८ ही साधारण ०.२५ मिमीपर्यंतची फट भरते, ६६० ही ०.५ मिमीपर्यंत, मात्र मोठ्या फटीला ॲक्टिव्हेटर लागतो. हे काम स्वच्छतेवर उभं आहे. बोअर आणि कप ॲसिटोनने पुसा. पेट्रोल किंवा थिनर मागे तेलकट थर ठेवतात. बोअर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं घासा, पुन्हा पुसा, दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर लावा आणि कप फिरवत बसवा. सांडलेलं लगेच पुसा, रोलरच्या वाटेवर थेंबही नको. फट ०.१ मिमीपेक्षा जास्त असेल तर कप मधोमध राहावा म्हणून सारख्या अंतरावर तीन ठिकाणी फिलर गेजच्या छोट्या पट्ट्या ठेवा. २४ तास हात लावू नका. ‘संध्याकाळी लावलं, सकाळी जोडलं’ या घाईतच बहुतेक कामं फसतात. पुढे कप काढायचा झाला तर हब सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो.

*बुशिंग.* फट अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर लेथवाल्याकडे जा. ६२ चं बोअर ६८ करून त्यात ३ मिमी जाडीची ईएन ८ या मध्यम कार्बन पोलादाची स्लीव्ह (नळी) ०.०५ मिमी घट्ट दाबायची आणि मग तिचं बोअर ६१.९६ ते ६१.९८ करायचं. तीन गोष्टी टर्नरला आधी सांगा. ६८ केल्यावर हबची भिंत किमान ६ मिमी उरली पाहिजे. कप टेकायची पायरी शाबूत राहिली पाहिजे. आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही बेअरिंगची बोअर मध्य न बदलता, शक्यतो एकाच सेटिंगमध्ये झाली पाहिजेत. हब उलटा धरून दुसऱ्यांदा डोळ्यांच्या अंदाजाने सेंटर घेतलं की चाक डुलतं. नीट केलेली बुशिंग ही कामचलाऊ दुरुस्ती राहत नाही, हब परत नव्यासारखा वापरता येतो.

स्पिंडलच झिजला आहे. वेल्डिंग भरून टर्न करू का?

आधी मापा. कोन सरकता असल्यामुळे ३० मिमीच्या स्पिंडलचं माप २९.९८ ते २९.९९ असणं योग्यच आहे. २९.९० पर्यंत रिटेनिंग कंपाऊंडने निभावतं, पण कोन पुन्हा काढता यावा म्हणून ६४१ सारखं सौम्य कंपाऊंड वापरा.

त्याहून जास्त झीज असेल तर भरणीचा विचार करता येतो, फक्त बाहेरच्या, म्हणजे टोकाकडच्या बेअरिंगच्या जागेवर. आतल्या बेअरिंगची जागा आणि त्यामागची गोलाई ही स्पिंडलवरची सर्वांत जास्त ताणाची जागा. तिथे कांडी टेकवायची नाही. वेल्डच्या कडेला धातू कडक आणि ठिसूळ होतो आणि वाकण्याचा ताण बरोबर तिथेच येतो. स्पिंडल तुटतो तो याच रेषेवर.

टोकाकडे भरायचंच असेल तर साधी ६०१३ कांडी नको. ७०१८ ही लो हायड्रोजन कांडी घ्या, ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तासभर सुकवलेली. स्पिंडल ईएन ८ सारख्या पोलादाचा असेल तर १५० ते २०० अंशांपर्यंत आधी तापवा, ईएन १९ किंवा ईएन २४ हे मिश्र पोलाद असेल तर आणखी जास्त. पट्टे लांबीच्या दिशेने, एक वर एक खाली असे समोरासमोर ओढा, म्हणजे स्पिंडल वाकत नाही. मग कोरड्या राखेत किंवा चुन्यात गाडून रात्रभर सावकाश थंड होऊ द्या. पाण्यात बुडवलं तर पाठोपाठ तडा येतो.

स्पिंडल बारीक करून त्यावर स्लीव्ह चढवायची युक्तीही विचारली जाते. वाकण्याची ताकद व्यासाच्या घनावर चालते. ३० चा २६ मिमी केला की ताकद ३५ टक्के कमी होते. रिकाम्या पेरणी यंत्राच्या चाकाला हे चालेल, ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलला नाही.

टोकाचे आटे गेले. नट वेल्ड करून टाकला तर?

नाही. बेअरिंग तापून जातं, प्ले परत बसवता येत नाही, आणि वेल्ड तुटलं की नट, वॉशर आणि चाक एकदमच जातं. आटे थोडे दबले असतील तर तिकोनी कानशीने साफ करून डाय चालवा. पूर्ण गेले असतील तर एम २० × १.५ (२० मिमी व्यास, दोन आट्यांमध्ये १.५ मिमी) चं टोक एम १८ × १.५ करून नवा खाचांचा नट आणि स्प्लिट पिनेचं नवं भोक घेता येतं.

नट किती आवळायचा?

चाक फिरवत-फिरवत नट आवळा. ३० सेंमीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलो जोर, म्हणजे ३० न्यूटन मीटर. यामुळे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण ढिला करा, बोटांनी टेकेपर्यंत आणा आणि मागे जाणाऱ्या पहिल्या खाचेत स्प्लिट पिन घाला. टोकाला ०.०५ ते ०.१० मिमी प्ले हवा. एक्सलवर डायल गेज लावून मोजता आला तर उत्तम.

एम २० × १.५ च्या नटाला सहा खाचा असतात, म्हणजे एक खाच सरकवली की ०.२५ मिमी फरक पडतो. तेवढा प्ले जास्त होतो. म्हणून स्पिंडलला काटकोनात दुसरं भोक असेल तर पाऊल निम्मं, ०.१२५ मिमीवर येतं. तेही जुळत नसेल तर वॉशर पॉलिश पेपरवर घासून थोडा पातळ करा. खाच जुळावी म्हणून नट पुढे आवळू नका. थोडं ढिलं टेपर बेअरिंग आवाज करतं, थोडं जास्त आवळलेलं जळतं.

जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालू नका. तिच्या जागी खिळा किंवा तारही नको.

ग्रीस कोणती, किती, किती दिवसांनी?

लिथियम ग्रीस, एनएलजीआय २ किंवा ३ ग्रेडची; दुकानात एपी ३ म्हणून मिळते ती चालते. स्वस्त चेसिस ग्रीस बहुधा कॅल्शियमची असते. ती पाण्याला चांगली, पण १०० अंशांच्या आसपास वितळून बाहेर येते. किंगपिनला वापरा, हबला नको. जुनी ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय दुसऱ्या जातीची भरू नका.

कोनमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन रुंद बाजूने दाबा, ती रोलरमधून दुसरीकडे निघेपर्यंत. दोन बेअरिंगच्या मधली पोकळी एक तृतीयांश ते निम्मीच भरा. ठासून भरली तर ग्रीस घुसळून तापते आणि सील ढकलून बाहेर येते.

एप्रिलच्या खरड छाटणीआधी एकदा आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीआधी एकदा हब उघडून धुऊन भरा. कोकण-गोव्यात चिखलणीला उतरणाऱ्या टिलरचे हब हंगाम संपताच उघडावेत. पाणी आत ठेवून यंत्र उभं केलं की पुढच्या पावसाळ्याला गंजलेलं बेअरिंगच हातात येतं.

सील बसवलं तरी गळतं.

सील जिथे टेकतं तिथे एक्सलवर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर कितीही नवीन सील टाका, ते गळणारच. सील २ ते ३ मिमी आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे कड कोऱ्या जागेवर टेकते. मागे तेवढी रिंग टाकून ते होतं. जागा नसेल तर पातळ पोलादी स्लीव्ह मिळते, ती चढवा. सीलची स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे, धुळीची कड बाहेर. बसवण्याआधी कडेला ग्रीस लावा. कोरडं सील पहिल्या काही मिनिटांतच जळतं.

सील मिळतच नसेल तर १० मिमी जाडीचा दाट नमदा कापून, कोमट ऑइलमध्ये भिजवून, पिळून खाचेत बसवा. धूळ चांगली अडते. पाणी अडत नाही, त्यामुळे तोवर प्रेशरने धुणं बंद.

चाकाच्या डिस्कची भोकं लांबट झाली आणि स्टड तुटतात.

कारण जवळपास नेहमी एकच: नट ढिले राहिले. नट घट्ट असतात तेव्हा भार डिस्क आणि हबच्या घर्षणावर जातो. ढिले झाले की तो स्टडवर आडवा येतो.

पाच स्टडच्या डिस्कवर जुन्या दोन भोकांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ३६ अंशांवर, नवीन भोकं पाडता येतात. सहा स्टड असतील तर ३० अंशांवर. हब टेम्प्लेट म्हणून वापरा आणि नटाच्या आकारानुसार बैठक तिरकी करून घ्या. जुन्या भोकांत वेल्ड भरून तिथेच परत ड्रिल केलं तर कडेने डिस्क फाटते.

रिम किंवा डिस्कवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी टायर रिमवरून पूर्ण उतरवा. नुसती हवा सोडणं पुरत नाही. आतल्या रबराचा वायू तयार होऊन टायर फुटतो आणि माणूस दगावतो.

नटाचा जोर कंपनीच्या पुस्तकात असेल तोच द्या. नसेल तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या, स्वच्छ स्टडला एम १२ साठी ८५, एम १४ साठी १३५ आणि एम १६ साठी २१० न्यूटन मीटर असा अंदाज धरा. ४५ सेंमीच्या पान्याच्या टोकाला हा जोर अनुक्रमे १९, ३० आणि ४७ किलो होतो. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. आट्यांना ऑइल लावू नका, त्याने त्याच जोराला स्टड जास्त ताणला जातो. दुरुस्तीनंतर एका तासाने आणि मग दहा तासांनी पुन्हा तपासा. डिस्क आणि हबमध्ये रंगाचा जाड थर असेल तर तो दबून नट आपोआप ढिले होतात, म्हणून ती जागा घासून घ्या.

बिडाच्या हबला तडा गेला आहे.

आधी हब बिडाचा की पोलादाचा ते ठरवा. ड्रिलचा भुगा चुऱ्यासारखा पडला तर बीड, वळ्या निघाल्या तर पोलाद.

तडा फ्लँजच्या कडेला असेल तर दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडून तो थांबवा, व्ही खाच घ्या आणि निकेल कांडीने २० ते २५ मिमीचे छोटे पट्टे ओढा. प्रत्येक पट्टा गरम असतानाच गोल हातोडीने हलके ठोका, हात टेकवेल इतका थंड झाल्यावरच पुढचा. शेवटी कोरड्या राखेत गाडा. गॅसवर पितळेचं ब्रेझिंगही चांगलं धरतं.

हबच्या नळीच्या बाहेरच्या कडेला बारीक तडा असून तो बोअरपर्यंत पोहोचला नसेल, तर पोलादी कडं चढवता येतं, बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तसंच. ९० मिमी व्यासाला कड्याचं बोअर ०.०९ मिमी कमी ठेवा. २५० अंशांपर्यंत तापवलं की ते साधारण ०.२४ मिमी पसरतं आणि सहज सरकतं. एका दमात जागेवर न्या, अर्ध्यात थांबलं तर तिथेच आवळतं. कडं आवळल्यावर आतलं बेअरिंगचं बोअरही थोडं आवळतं, म्हणून कप त्यानंतरच बसवा.

एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंत किंवा बोअरमधून तडा असेल तर हब भंगारात.

चाकाचा हब शाफ्टवर चावीसकट फिरतो. वेल्ड करून टाकू?

टिलर, वीडर आणि काही जुन्या यंत्रांच्या मागच्या चाकांची ही नेहमीची तक्रार. वेल्ड करू नका. शाफ्ट नेमका जिथे सर्वांत जास्त वाकतो तिथेच ठिसूळ होतो, आणि पुढे सील बदलायला हब निघत नाही.

चावी म्हणजे हब आणि शाफ्टच्या खाचांत बसून दोन्हींना एकत्र फिरवणारी पट्टी. २२ ते ३० मिमी शाफ्टला ८ × ७ ची चावी, शाफ्टमध्ये ४ मिमी आणि हबमध्ये ३.३ मिमी खोल. ३० ते ३८ मिमी शाफ्टला १० × ८ ची, ५ आणि ३.३ मिमी खोल. फक्त हबची खाच रुंद झाली असेल तर पायरीची चावी बनवा: शाफ्टकडे ८ आणि हबकडे ९ किंवा १० मिमी. दोन्ही खाचा खराब असतील तर १८० अंशांवर नवीन खाच काढा. चावी ईएन ८ ची असावी. कानस कापून केलेली चावी कडक असते, पण धक्क्याला काचेसारखे तुकडे होतात.

घाईच्या वेळी हब आणि शाफ्ट आरपार भोक पाडून बोल्ट घालतात. भोक शाफ्टच्या व्यासाच्या एक चतुर्थांशाइतकं ठेवा: ३० मिमीला ८ मिमी, ८.८ ग्रेडचा बोल्ट आणि नायलॉक नट. यापेक्षा मोठं भोक केलं तर तुटतो तो शाफ्टच.

मागच्या एक्सलमधून ऑइल ब्रेकवर येतं.

सील बदलण्याआधी ब्रीदर (एक्सलमधली हवा बाहेर जायची वाट) पाहा. चिखलाने तो बंद झाला की तापलेली हवा सीलमधून वाट काढते. मग ऑइलची पातळी पाहा, अनेकदा ती वर असते. या दोन्ही ठीक असतील तरच सील आणि बेअरिंग उघडा. ऑइल प्यालेलं ब्रेक लायनर रॉकेलने धुऊन परत घालू नका, बदला.

वाकलेला स्टब एक्सल सरळ करता येतो का?

लाल करून ठोकून सरळ केलेला एक्सल दिसायला सरळ असतो, पण त्याचं पाणी उतरलेलं असतं. थंड अवस्थेत प्रेसवर सरळ केला तरी आत तडा असू शकतो. आमचा सल्ला बदलण्याचा आहे.

नवा म्हणून घेतलेला जुना पार्टही तपासूनच लावा. गंज आणि ग्रीस पूर्ण काढा, आतल्या बेअरिंगमागच्या गोलाईवर रॉकेल लावून २० मिनिटं ठेवा, कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर त्यातलं रॉकेल वर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. केसाइतकी रेघ दिसली तरी तो पार्ट परत करा.

दुरुस्तीनंतर शेतात कधी न्यायचा?

पहिला अर्धा तास अवजार न लावता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सपाट रानात. मग हबवर हात, नटांना पाना, चाक उचलून पुन्हा प्ले. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर एक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा. पुढचं अंतर २ ते ५ मिमी कमी असावं, नाहीतर टायर घासतात आणि नव्या बेअरिंगवर सतत बाजूचा दाब राहतो.

कंपाऊंड, पंच किंवा बोल्टवर चाललेला ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली लावून रस्त्यावर नेऊ नका. शेतातला ताशी ४-५ किलोमीटरचा वेग आणि रस्त्यावरचा २५ चा वेग यांत बेअरिंगला बसणारे धक्के आणि उष्णता खूप वेगळी असते.

हंगामात घरी काय ठेवावं?

एका बाजूचे दोन्ही बेअरिंग, दोन सील, खाचांचा नट, सहा स्प्लिट पिना, चार स्टड नटांसकट, अर्धा किलो लिथियम ग्रीस, रिटेनिंग कंपाऊंडची छोटी बाटली आणि व्हर्निअर. बेअरिंगचे आणि सीलचे नंबर टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतून रंगाने लिहून ठेवा. फळ छाटणीनंतर पाऊस पडला की डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी थांबवता येत नाही, आणि तेव्हाच हब उघडून नंबर शोधत तालुक्याला जाण्यात अख्खा दिवस जातो.